अहेरीहून नागपूरला, खात खात

अहेरी आगारातून सकाळची गाडी बाहेर पडायच्या आधीच बसस्थानकासमोरच्या हातगाडीवर इडलीचं भांडं वाफ सोडू लागतं. सोबत नारळाची चटणी नसते. शेंगदाण्याची असते, पातळ, वरून राई आणि लाल मिरचीची फोडणी दिलेली. गडचिरोली म्हटलं की जंगल, मोह आणि बांबू एवढंच मनात धरून आलेला पाहुणा ही इडली पाहून बुचकळ्यात पडतो. पण अहेरीचं निम्मं गणगोत प्राणहितेच्या पलीकडे आहे. त्या काठाला तेलंगण, या काठाला महाराष्ट्र, आणि आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, माडिया अशा तिन्ही भाषा एकाच सौद्यात वापरल्या जातात. वांगेपल्लीजवळ पूल झाला आणि पलीकडचं गुडेम, पुढे कागजनगरचं रेल्वे स्टेशन जवळ आलं. त्याआधी नावेतून जा-ये चाले. माणसं आली तशी चटणीही आली. गाडीवाल्याला गिऱ्हाईक ‘अन्ना’ म्हणून हाक मारतं आणि तो झाडीपट्टीच्या मराठीत विचारतो, “काय देऊ जी?”

अहेरीकर नागपूरला हौसेनं क्वचितच जातो. मेडिकल, हायकोर्टाचं खंडपीठ किंवा कसली तरी परीक्षा, यांपैकी एक काम असतं. रस्ता पावणेतीनशे किलोमीटरच्या घरातला, त्यामुळे निम्मा दिवस गाडीतच जातो. उरलेल्या वेळात काम उरकायचं, रांगेत उभं राहायचं, झेरॉक्स काढायची. अशा माणसाला शहरात जेवणासाठी दहा-पंधरा मिनिटांच्या वर सवड नसते. खिशात मोजके पैसे असतात आणि पोट बिघडलेलं तर अजिबात परवडत नाही. हॉटेलांच्या याद्या त्याच्या काही कामाच्या नाहीत. त्याला रस्त्यावरची गाडी ओळखता आली पाहिजे.

ही ओळख एका एसटी वाहकानं मला एका प्रश्नात शिकवली होती. अनोळखी गाडीवर “काय चांगलं आहे?” असं विचारलं तर उत्तर ठरलेलंच असतं, सगळंच चांगलं. त्याऐवजी विचारायचं, “किती वाजता संपते?” ज्याचा माल रोज ठराविक वेळी संपतो तो लगेच वेळ सांगतो. साडेनऊ, फार तर दहा. जो म्हणतो, “दिवसभर मिळते, केव्हाही या,” त्याच्याकडे चहा घ्यावा आणि पुढे व्हावं. दिवसभर मिळणाऱ्या पदार्थाचा जन्म नेमका कधी झाला हे कोणालाच ठाऊक नसतं. शिजवलेलं अन्न साठ अंशांच्या वर गरम राहिलं तर जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. कोमट होऊन पडून राहिलं की त्यांचं फावतं. आमच्या भागातल्या उन्हाळ्यात, जिथे पारा पंचेचाळीसच्या पलीकडे सहज जातो, तिथे टेबलावर ठेवलेली चटणीसुद्धा दुपारपर्यंत आंबते. तेव्हा हा प्रश्न चवीचा आहे तेवढाच पोटाच्या काळजीचाही आहे.

अहेरी सोडली की काही मिनिटांत आलापल्ली. सागवानासाठी हे नाव देशभर माहीत आहे. इथल्या वनवैभवाला २०१४ साली राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून दर्जा मिळाला आणि अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये याच पट्ट्यातलं सागवान गेलं. आता मात्र आलापल्लीचा चौक सागवानापेक्षा सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी ओळखावा लागतो. रस्त्याची धूळ खाल्ली नाही असा प्रवासी नाही. त्याबद्दल इथला माणूस दिवसभर बोलू शकेल. खाण्याच्या बाबतीत मात्र या ट्रकांनी एक बदल केला. पूर्वी एसटीच्या वेळा सांभाळून दुकानं उघडत, आता चालकांच्या फेऱ्या सांभाळून उघडतात. पहाटे अंडा-भुर्जी मिळते, रात्री उशिरा भात-वरण मिळतं. ट्रकचालक ज्या ठिकाणी गाडी बाजूला घेऊन थांबतो तिथलं जेवण डोळे मिटून चांगलं, ही समजूत काही खरी नाही. तो कित्येकदा जागा मोठी आहे आणि टायरवाला शेजारी आहे म्हणून थांबतो. त्यापेक्षा रिकामं पातेलं घासायला कधी घेतात ते पाहावं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्याला कळत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चोरटी दारू मिळत नाही असं कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण उघड बार नाहीत, म्हणून बारच्या आधारानं जगणाऱ्या चखन्याच्या गाड्याही नाहीत. इतर जिल्ह्यांत संध्याकाळी सातनंतर रस्त्यावरचं खाणं तिखट आणि तेलकट होत जातं, कारण ते पेल्यासोबत खायचं असतं. इथे संध्याकाळची गाडी घरी जाणाऱ्यांसाठी असते: मिरची भजे, गुपचूप, मुलांसाठी जिलेबी. त्या बदल्यात खर्रा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घासत बसलेला पोऱ्या प्रत्येक चौकात दिसेल. भूक मारायला लोक खर्रा तोंडात टाकतात आणि मग नाश्त्याला पैसे उरत नाहीत. माझ्या मते इथल्या खाद्यगाड्यांचा खरा प्रतिस्पर्धी तोच आहे.

आष्टीला वैनगंगा आडवी येते. थोडं खाली चपराळ्यापाशी वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि तिथून पुढे नदीला प्राणहिता म्हणतात. पावसाळ्यात पाणी चढलं की या बाजूचे रस्ते बंद पडतात, आणि अडकलेल्या गाड्यांमुळे आष्टीच्या नाश्तेवाल्यांचा धंदा होतो. एरवीही आष्टीला गाडी थांबली की खाली उतरावंच, कारण इथून पुढे आलूबोंड्याचं राज्य सुरू होतं.

आलूबोंडा म्हणजे पावात न घातलेला बटाटेवडा, असं पुण्याकडचे लोक समजतात. तो खायची रीत निराळी आहे. कढईतून काढलेला बोंडा द्रोणात किंवा खोलगट प्लेटमध्ये ठेवायचा. गाडीवाला झाऱ्याच्या पाठीनं तो दाबतो, बेसनाचं कवच फुटतं आणि आतला पिवळा बटाटा दिसू लागतो. त्यावर काळ्या हरभऱ्याचा रस्सा एक पळी. मग बारीक कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, हवा तर वरून चिवडा. रस्सा बटाट्यात मुरायला अर्धा मिनिट द्यायचं आणि चमच्यानं खायचं. दोन बोंड्यांत तीन तास निघतात. चांगला गाडीवाला बोंडे आधी तळून डोंगर रचत नाही. तो बटाट्याचे गोळे करून ठेवतो आणि गाडी स्थानकात शिरताना दिसली की घाणा सोडतो. तेलाचा रंग पाहावा. चहासारखा झाला असेल तर त्या तेलानं बरेच घाणे पाहिलेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पण ती मोजायचं यंत्र घेऊन कोणी प्रवासाला निघत नाही. डोळे आणि नाक पुरतं. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देत असतील तर पळसाच्या किंवा मोहाच्या पानांचा द्रोण मागावा. शाई पोटात जात नाही आणि रस्साही गळत नाही.

वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा. या जिल्ह्यातही २०१५ साली दारूबंदी झाली होती, ती २०२१ मध्ये उठली. गोंडपिंपरीला चहा पिऊन घ्यावा, याहून अधिक काही सांगण्यासारखं नाही.

बल्लारपूरला मात्र खाण्याची चाल पुन्हा बदलते. गावाचं नाव बल्लारपूर, स्टेशनचं नाव बल्लारशाह. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि दक्षिण मध्य रेल्वेची सुरू होते, त्यामुळे हैदराबाद-चेन्नईकडच्या गाड्यांची माणसं इथे सतत उतरत-चढत असतात. शहरात १९४५ सालापासूनचा कागद कारखाना, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. कारखान्याच्या आणि खाणीच्या गावात नाश्त्याचं घड्याळ पाळीवर चालतं. पहिल्या पाळीला जाणारा कामगार पहाटे पाचलाच गाडीवर असतो, रात्रपाळीवाला सुटतो तेव्हा त्याला झोपण्याआधी गरम काहीतरी लागतं. या दोन्ही वेळा गाठणाऱ्या गाड्या बघण्यासारख्या आहेत. माणसं बोलत नाहीत, पैसे आधीच मोजून हातात असतात, गाडीवाला चेहरा पाहून प्लेट भरतो. परक्यानं अशा वेळी “आधी मेनू सांगा” म्हणून रांग अडवू नये. पुढच्याला जे दिलं तेच मागावं. कामगारांच्या गाडीवर पदार्थ एक किंवा दोनच असतात आणि तेच तिचं बळ आहे.

चंद्रपुरात शिरताना जटपुरा गेटची दगडी कमान लागते. गोंड राजांच्या तटबंदीची ही वेस आजही शहराच्या रहदारीच्या गळ्यात आहे. तिच्या आसपास आणि बसस्थानकाच्या बाजूला सकाळी पोहे. इथल्या पोह्यांवर चना पडतो आणि हात सैल असतो. चैत्रात महाकालीची यात्रा भरते तेव्हा मराठवाड्यातून आणि तेलंगणातून माणसं येतात, आणि शहराचा सगळा नाश्ता त्या गर्दीला कमी पडतो. तेव्हा गाडीवरचं पाणी जपून प्यावं. उन्हाळ्यात चंद्रपूरला थांबणाऱ्यानं एक पथ्य पाळावं. सकाळी दहाच्या आत खावं, नाहीतर थेट संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळात शहाणे गाडीवाले स्वतःच गाडी झाकून घरी जातात. भर दुपारी उघडी असलेली चाटची गाडी, कितीही भूक असली तरी, सोडून द्यावी. ताक आणि उसाचा रस यांतही बर्फ कुठला हे विचारावं. मासे ठेवायचा बर्फ आणि प्यायचा बर्फ यांत फरक असतो, आणि तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

चंद्रपूर ते नागपूर दीडशे किलोमीटर. वरोरा, बाबा आमट्यांनी १९४९ साली उभं केलेलं आनंदवन, मग जाम. जामला आपण नागपूर-हैदराबाद महामार्गावर येतो आणि रस्त्याकडेचे ढाबे एकाएकी मोठे होतात, पाट्या दिव्यांच्या होतात, पदार्थांची यादी दोन हात लांब होते. लांब यादीला मी घाबरतो. ज्या स्वयंपाकघरात साठ पदार्थ लिहिलेले असतात तिथे निम्मे फ्रिजमधून येतात.

नागपूरला गणेशपेठ बसस्थानकावर उतरलं की गोंगाट अंगावर येतो. ‘आधी पोटपूजा’ म्हणून समोर दिसेल तिथे बसणं ही नवख्याची सवय. बसस्थानकाच्या अगदी दारातल्या दुकानाला पुन्हा येणारं गिऱ्हाईक नको असतं, त्याला रोज नवं मिळतं. दोन गल्ल्या आत गेलं की रोजची माणसं खाताना दिसतात: रिक्षावाले, हमाल, कापड दुकानातली पोरं. ज्या गाडीचं गिऱ्हाईक उद्या परत येणार आहे ती गाडी फसवत नाही, फसवून तिला जमणारच नाही.

नागपूरचं नाव झालं ते तर्री पोह्यांनी, आणि ते खरंच घाईतल्या माणसाचं खाणं आहे. कस्तुरचंद पार्कच्या मेट्रो स्टेशनवर उतरलं की सकाळी पोह्याच्या गाड्यांचा वास येतोच. मोठ्या पातेल्यावर कापड आणि झाकण, आत वाफेवर गरम राहिलेले पोहे. शेजारी चन्याचा रस्सा उकळत असतो, त्यावर लाल तेलाचा थर तरंगतो. तो थर म्हणजे तर्री. प्लेटमध्ये पोहे, वर रस्सा, कच्चा कांदा, शेव, लिंबाची फोड. गाडीवाला विचारतो, “तर्री टाकू काय भाऊ अजून?” पहिल्यांदा खाणाऱ्यानं नको म्हणावं. तर्री वरवर पातळ दिसते आणि घशात गेल्यावर आपलं नाव सांगते. पोहे, हरभरा, लिंबू, कांदा एका प्लेटीत आल्यामुळे नुसत्या पोह्यांपेक्षा हे पोटाला जास्त वेळ धरतं. शिवाय रस्सा सतत उकळत असतो, म्हणून पोट बिघडायची भीतीही कमी. ज्या गाडीवर रस्सा थंड आणि तर्री वेगळ्या डब्यातून ओततात तिथून मी पुढे जातो.

रांगेबद्दलही एक सांगायचं आहे. लांब रांग म्हणजे चांगलं खाणं, हे नेहमीच खरं नसतं. सदर भागातल्या डॉली चहावाल्याचा बिल गेट्स यांच्यासोबतचा व्हिडिओ २०२४ च्या फेब्रुवारीत जगभर फिरला आणि नागपूरच्या चहाचं नाव झालं. तो व्हिडिओ चित्रित झाला मात्र हैदराबादेत. त्यानंतर लोक चहासाठी आले तसे फोटोसाठीही आले. असं नाव झालेल्या ठिकाणी हौसेनं जरूर जावं, पण अकराला हायकोर्टात हजर व्हायचं असेल तर जाऊ नये. घाईच्या माणसानं ती रांग शोधावी जी झपाट्यानं पुढे सरकते आणि जिच्यातल्या कोणाच्याही हातात मोबाईल वर धरलेला नाही.

अहेरीच्या माणसाची शहरातली खरी अडचण निराळीच असते. तर्री पोहे खाल्ले, आलूबोंडा खाल्ला, समोसा खाल्ला, तरी दुपारी तो म्हणणार, “जेवण नाही झालं जी.” भात पोटात गेल्याशिवाय आमच्याकडे जेवण मोजतच नाहीत. वैनगंगेच्या आणि प्राणहितेच्या पट्ट्यात धानच पिकतं, आणि घरी सकाळची आंबील असो की रात्रीचं वरण, सगळं तांदळाभोवती फिरतं. नागपूरच्या रस्त्यावर मात्र पटकन मिळणारं बहुतेक खाणं बेसनाचं, मैद्याचं किंवा पावाचं. म्हणून भात कुठे मिळतो हे आधी हेरून ठेवावं लागतं.

मेडिकलच्या परिसरात, म्हणजे १९४७ सालापासून चालत आलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आजूबाजूला, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी साध्या थाळ्या मिळतात. वरण, भात, पोळी, भाजी. इथला धंदा वॉर्डातल्या भेटीच्या वेळांवर चालतो. भेट सुटली की गर्दी, मग तासभर शांतता. त्या गर्दीत जेवावं, तेव्हा भात नुकता उतरवलेला असतो. सरकारी स्वस्त जेवणाचीही परंपरा आपल्याकडे आहे. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं निघाली आणि काही वर्षांत बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली. तिच्यात तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण आणि दीडशे ग्रॅम भात, किंमत सुरुवातीला दहा रुपये. झुणका-भाकरीनं अहेरीकराचं समाधान झालं नसतं, ही दीडशे ग्रॅमची मूद त्याच्या कामाची आहे. केंद्रावर थाळ्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून तिथे दुपारी बाराच्या ठोक्याला पोचलेलं बरं. दोन वाजता जाऊन हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

पोलीस भरतीच्या तयारीसाठी नागपुरात खोली करून राहणारी आमच्या तालुक्यातली पोरं आणखी एक वाट सांगतात. सकाळी मैदान मारून आल्यावर उकडलेली अंडी, आणि रात्री चायनीजच्या गाडीवर अंडा राईस. मोठ्या आचेवर, डोळ्यांसमोर, तीन मिनिटांत परतलेला. भात आधी शिजवलेला असतो हे खरं, म्हणून गाडी लागताच म्हणजे सातच्या सुमारास जावं, अकरा वाजता नाही. शिळ्या भातातले जंतू परतल्यानंही सगळे मरत नाहीत. अजिनोमोटो घालू नका म्हटलं तर गाडीवाला घालत नाही, फक्त जरा नाराज होतो.

सावजीचा विषय काढल्याशिवाय नागपूरचं वर्णन कोणाला पूर्ण वाटणार नाही. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण, काळ्या मसाल्याचं, तेलाचा थर राखून केलेलं. इतवारी-महाल-गोळीबार चौकाच्या बाजूला त्याची भोजनालयं आहेत, आणि तिथे भातही भरपूर मिळतो. मटण नको असेल तर पाटवडी रस्सा मागावा. पण सावजी हे घाईचं खाणं नाही, आणि प्रवासाचं तर नाहीच. खायचंच असेल तर मुक्कामाच्या रात्री खावं. परतीच्या गाडीत बसण्याआधी खाल्लं तर जामपर्यंतही तग धरवत नाही, आणि चालक काही प्रत्येक गावाला गाडी थांबवत नाही.